सव्वीस डिसेंबरचा फळा

(दृश्य: मराठी शाळेचा व्हरांडा, सकाळ. एक मुलगी ओल्या फडक्यानं फळ्यावरची जुनी तारीख पुसते आहे.)

शाळा भरायला अजून वीस मिनिटं आहेत. सहावीतली ही मुलगी लवकर आलीय, कारण या आठवड्यात फळा तिच्याकडे आहे. वर मधोमध तारीख, खाली तीन रकाने: घटना, जन्म, मृत्यू. प्रार्थना झाली की परिपाठात हे मोठ्यानं वाचायचं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही हा फळा लगेच ओळखू येईल. दिनविशेष.

आजची तारीख २६ डिसेंबर २०२४, वार गुरुवार.

तिच्या वहीत गुरुजींनी उतरवून दिलेली यादी आहे. यादी लांबलचक, फळा आखूड. कुणाला घ्यायचं नि कुणाला गाळायचं हे तिनंच ठरवायचंय. पण पहिली ओळ लिहिताना ती वहीकडे बघतसुद्धा नाही.

"१९२४ : बेळगाव येथे काँग्रेसचे अधिवेशन. अध्यक्ष महात्मा गांधी."

खडू मोडतो. ती तुकडा उचलून पुढे लिहू लागते.

(दृश्य: टिळकवाडी, काँग्रेस रोड. दिव्यांच्या माळा, कमानी, फलक. रेल्वे गेट पडलेलं, दोन्ही बाजूंना दुचाक्या.)

हा रस्ता काँग्रेस रोड. रोज इथून जाणाऱ्यांपैकी किती जण नावाचा विचार करत असतील, देव जाणे. आज मात्र विसरायची सोयच नाही. शंभर वर्षं झाली म्हणून सगळं शहर दिव्यांनी उजळून टाकलंय. तसा डिसेंबर म्हणजे आम्हा बेळगावकरांना अधिवेशनाचीच सवय. कर्नाटकाचं विधिमंडळ येतं, मंत्र्यांच्या गाड्या येतात, एका बाजूला सभागृह, दुसऱ्या बाजूला मराठी माणसाचा महामेळावा, आणि मधे अडकलेली शहरातली वाहतूक. यंदा त्यावर हे आणखी एक.

आणि ही ती विहीर.

(दृश्य: वीरसौध, म्हणजे १९२४ च्या अधिवेशनाचं स्मारक; त्याच्या आवारातली विहीर. कॅमेरा कठड्यावरून आत वाकतो.)

१९२४ मध्ये इथं शेतं आणि मोकळं माळरान होतं. हजारो माणसं येणार, तर पाणी कुठून आणायचं, हा पहिला प्रश्न. म्हणून विहीर खणली. अधिवेशनाच्या नगरीला विजयनगर नाव दिलेलं, तेव्हा विहिरीलाही हंपीकडचंच नाव शोभलं: पंपा सरोवर. खर्च ४,३७० रुपये आणि ३ आणे. त्या तीन आण्यांवर माझा फार जीव आहे. सार्वजनिक पैशाचा हिशेब आण्यापर्यंत लावणारी माणसं होती ती.

आज लोक तिला नुसतं काँग्रेसची विहीर म्हणतात. सकाळी फिरायला आलेले एक आजोबा आमचा कॅमेरा बघून थांबले. म्हणाले, "फोटो काडा की. खरं नुसती हीर काडून काय हुतंय? हितं केवडं मोटं गाव वसलं हुतं, ते कसं काडणार तुम्ही?" इकडच्या मराठीत 'खरं' म्हणजे 'पण'. आणि आजोबांचं खरंच होतं.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. खादीचे मंडप, टोप्यांची गर्दी.)

हे गाव वसवणारा माणूस म्हणजे गंगाधरराव देशपांडे. हुदलीचे. पक्के टिळकांचे. १९१६ च्या एप्रिलमध्ये टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली ती याच बेळगावात, आणि तेव्हाही इथली सगळी धावपळ गंगाधररावांच्याच माणसांची. टिळक गेल्यावर हा माणूस गांधींच्या मागे उभा राहिला. लोक त्यांना कर्नाटकसिंह म्हणत. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, काँग्रेसच्या हिशेबात मात्र कर्नाटक प्रांतात. शंभर वर्षांपूर्वीही आम्ही दोन यादीतच होतो, म्हणायचं.

प्रतिनिधींसाठी टिळकवाडीजवळ तात्पुरतं रेल्वे स्थानक उभारलं. मोतीलाल नेहरू आले, चित्तरंजन दास आले, सरोजिनी नायडू आल्या, मौलाना मुहम्मद अली आले. आणि अध्यक्षस्थानी पंचावन्न वर्षांचे गांधी. त्याच वर्षाच्या सुरुवातीला पुण्यात ससूनमध्ये त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, मग येरवड्यातून सुटका, सप्टेंबरात दिल्लीला हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी एकवीस दिवसांचा उपास. तशा अंगानं ते इथं आले होते.

गांधी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एवढ्या एकाच अधिवेशनात. त्याआधी नाही, त्यानंतरही कधी नाही.

मुद्दा काय होता? काँग्रेसमध्ये उभी फूट पडायची वेळ आली होती. मोतीलाल आणि दास म्हणत, कायदेमंडळात शिरून सरकारला अडवू. गांधींचे कट्टर अनुयायी म्हणत, तिकडे फिरकायचंच नाही. नोव्हेंबरात कलकत्त्याला समझोता झाला होता, त्यावर बेळगावात शिक्कामोर्तब झालं. असहकार तहकूब, मोतीलाल-दासांच्या स्वराज पक्षाला मोकळीक. आणि त्या बदल्यात गांधींनी एक अट घातली, ती ऐकून आजचा कुठलाही पक्ष सदस्य नोंदणी बंद करील. सभासद व्हायचं तर महिन्याला दोन हजार वार सूत द्यायचं. स्वतः काता, नाहीतर दुसऱ्याकडून कातून आणा. दोन हजार वार म्हणजे पावणेदोन किलोमीटरहून लांब धागा. दर महिन्याला!

वर्षभरातच ती अट सैल करावी लागली. माणसं भाषणाला येतात, टकळीला नाही.

या अधिवेशनातल्या दोन गोष्टी इतिहासाच्या पुस्तकात सहसा नसतात, आणि मला त्या ठरावांपेक्षा मोठ्या वाटतात.

पहिली गोष्ट संडासांची. इतक्या माणसांची घाण कोण काढणार? ते काम काका कालेलकरांनी अंगावर घेतलं. काकांचं बेळगावजवळच्या बेळगुंदीशी जुनं नातं. बेळगावच्या गणेश विद्यालयात त्यांनी शिकवलेलं. मातृभाषा मराठी, पुढे गुजराती गद्यात असं नाव काढलं की गांधींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटलं. हा माणूस स्वयंसेवकांची तुकडी घेऊन चराच्या संडासांवर माती टाकत होता, आणि त्या तुकडीत ब्राह्मणांची पोरं होती. १९२४ सालच्या बेळगावात. घरी जाऊन आईला काय सांगितलं असेल त्यांनी, याचा विचार मी करत बसतो.

दुसरी गोष्ट एका मुलीची. धारवाडची, वय वर्षं अकरा. तिला स्वागतगीत म्हणायला आणलेलं. समोर गांधी आणि देशभरचे पुढारी. पुढे म्हातारपणी तिनं सांगितलं की गाण्याची भीती नव्हती. भीती वेगळीच होती: जातीमुळे जेवणं झाल्यावर आपल्याला उष्टी काढायला सांगतील की काय! ती मुलगी म्हणजे गंगूबाई हनगल.

एकाच मांडवात ही दोन दृश्यं. ब्राह्मणाचा मुलगा संडास साफ करतोय, आणि गाणारी पोर उष्ट्या पानांना घाबरून बसलीय.

(दृश्य: परत शाळेचा फळा. मुलगी 'जन्म' या रकान्याखाली लिहिते: "१९१४ : बाबा आमटे.")

आता मधला रकाना. इथं माझी स्वतःची एक जखम आहे.

नव्वदच्या दशकातला एक डिसेंबर. अशाच एका मराठी शाळेत फळा माझ्याकडे होता. घाईघाईत मी बाबा आमट्यांचं नाव जन्माऐवजी मृत्यूच्या रकान्यात लिहिलं. परिपाठाला ते मोठ्यानं वाचलंही. गुरुजी मागून आले. "काय गा, जित्या माणसाला मारलास की! नर्मदेकाठी बसलेत ते अजून. पूस ते आधी." सगळी शाळा हसली. तेव्हापासून २६ डिसेंबर मी विसरलेलो नाही.

बाबा तेव्हा खरोखरच नर्मदेच्या काठी कसरावदला राहत होते, धरणग्रस्तांच्या सोबतीला. त्यांचा मृत्यू ९ फेब्रुवारी २००८ चा. जन्म हिंगणघाटचा, घर जमीनदाराचं, शिक्षण वकिलीचं. वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर त्यांनी आनंदवन सुरू केलं तेव्हा सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये होते. त्यांचा धाकटा मुलगा प्रकाश हाही २६ डिसेंबरचाच, १९४८ सालचा. हेमलकशात माडिया गोंडांसाठी दवाखाना चालवणारे ते डॉक्टर. वडील आणि मुलगा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी, आणि दोघांनाही मॅगसेसे पुरस्कार.

आता जरा हिशेब करू. २६ डिसेंबर १९२४ ला, म्हणजे इथं टिळकवाडीत गांधी अध्यक्षस्थानी बसले त्या शुक्रवारी, तिकडे विदर्भात मुरलीधर आमटे नावाचा मुलगा दहा वर्षांचा झाला. पुढे सेवाग्रामला जाणार, आणि हेच गांधी त्याला 'अभय साधक' म्हणणार, हे ना त्याला ठाऊक ना गांधींना. पंजाबातल्या सुनामला जन्मलेला ऊधमसिंग त्याच दिवशी पंचवीस वर्षांचा झाला. जालियनवाला बागेला तेव्हा पाच वर्षं झाली होती, आणि त्याचा सूड म्हणून लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये त्यानं ओड्वायरवर झाडलेल्या गोळ्यांना अजून पंधरा वर्षं बाकी होती. चीनमध्ये माओ एकतीस वर्षांचा झाला. दिनविशेषात ही नावं एकाखाली एक येतात तेव्हा निर्जीव वाटतात. पण एखादं वर्ष पकडून त्या दिवशी कोण किती वर्षांचं होतं असं विचारलं, की सगळी उठून बसतात.

ऊधमसिंगांवरून आठवलं. त्यांचा जन्म २६ डिसेंबर १८९९, फाशी ३१ जुलै १९४०. आणि व्यंगचित्रकार शंकर, ज्यांना नेहरूंनी 'मलाही सोडू नकोस' असं सांगितलं होतं, त्यांचा जन्म ३१ जुलै १९०२ चा आणि मृत्यू २६ डिसेंबर १९८९ चा. अगदी उलटसुलट. यात अर्थ शोधू नका, काही नाही. तरी अंगावर काटा येतोच.

अशा तारखांचा आमच्या जिल्ह्याला तर नादच आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शूर शिलेदार संगोळी रायण्णा याला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ ला खानापूर तालुक्यात नंदगडला फाशी दिलं. त्याचा जन्म परंपरेनं १५ ऑगस्टचा मानतात. जन्म १५ ऑगस्ट, बलिदान २६ जानेवारी! हे कन्नड माणूसही अभिमानानं सांगतो आणि नंदगडचा मराठी माणूसही. एरवी १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिन, आला की एकाच शहरात कुणाचा राज्योत्सव, कुणाचा काळा दिवस.

(दृश्य: फळ्यावरचा 'घटना' रकाना. "१८९८ : रेडियमचा शोध.")

ही ओळ तिनं बारीक अक्षरात कोंबलीय. मेरी आणि पिएर क्यूरी यांनी पॅरिसच्या अकादमीपुढे रेडियमची वार्ता मांडली तो दिवस. आम्ही तिला विचारलं, रेडियम म्हणजे काय? म्हणाली, "गाडीला मागं लावत्यात ते. लाईट पडला की चमकतंय." नंबरप्लेटच्या दुकानावर 'येथे रेडियम वर्क करून मिळेल' असं लिहिलेलंच असतं. त्या चमकत्या चिकटपट्टीत रेडियम औषधालाही नसतं. पण मेरीबाईंच्या शोधाचं नाव इतकं घरोघरी गेलेलं दुसरीकडे कुठे सापडेल?

बाबर तिनं वगळला. बरं केलं. तो २६ डिसेंबर १५३० ला आग्र्यात वारला असं छापतात, पण ती तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची. आजच्या कॅलेंडरात ती ५ जानेवारी १५३१ येते. तारीख आणि तिथीचा हा घोळ बेळगावकराला समजावून सांगावा लागत नाही. महाराष्ट्र सरकारची शिवजयंती १९ फेब्रुवारीला, कुणाची फाल्गुन वद्य तृतीयेला, आणि आमची चित्ररथांची मिरवणूक निघते ती वैशाखात. महाराजांचा जन्म तीनदा साजरा होतो, आणि कुणाची तक्रार नाही.

कानपूरही तिनं सोडलं. १९२५ मध्ये, बेळगावच्या अधिवेशनाला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, तिथं भारतीय कम्युनिस्ट पक्षाची परिषद भरली. १९९१ ची सोव्हिएत संघाच्या विसर्जनाची तारीखही हीच. एका विचाराची इकडची नांदी आणि तिकडची भैरवी एकाच तारखेला. फळ्यावर जागा नव्हती, नाहीतर मी आग्रह धरला असता.

(दृश्य: काळा पडदा. समुद्राचा आवाज.)

२००४ साली २६ डिसेंबरला रविवार होता.

नाताळ आणि नववर्षाच्या मधले हे दिवस म्हणजे आमच्याकडे गोव्याला उतरायचे. चोर्ला घाटातून गाड्यांची रांग लागते. त्या सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्राचा तळ हलला. तीव्रता नऊच्या वर. अंदमान-निकोबारला लाट लगेच धडकली. तमिळनाडूत नागपट्टणमला पोचायला तिला दोन तासांहून जास्त वेळ लागला.

दोन तास. विमानानं बेळगावहून दिल्ली गाठता येईल एवढा वेळ. पण किनाऱ्यावरच्या माणसाला 'पळ' म्हणून सांगणारी यंत्रणाच हिंदी महासागरात नव्हती. पाणी आधी मागे सरलं, कधी न दिसलेली वाळू उघडी पडली, पोरं मासे वेचायला धावली. मग भिंत आली. श्रीलंकेला वळसा घालून ती केरळच्या किनाऱ्यापर्यंत पोचली. भारतात दहा हजारांहून जास्त माणसं गेली, आणि सगळ्या देशांत मिळून दोन लाखांहून जास्त.

पुढच्याच वर्षी देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. २००७ मध्ये हैदराबादला त्सुनामीची पूर्वसूचना देणारं केंद्र सुरू झालं. त्या रविवारी ते असतं तर, हे वाक्य कुणी पुरं करत नाही.

तेव्हाचे पंतप्रधान सात महिन्यांपूर्वीच त्या खुर्चीवर बसले होते. डॉ. मनमोहन सिंग. बाहेरच्या देशांनी मदत देऊ केली, तर त्यांच्या सरकारनं सांगितलं, आमचं आम्ही निभावू.

(दृश्य: २६ डिसेंबर २०२४, संध्याकाळ. रोषणाई. कुंद्याच्या दुकानापुढे पाहुण्यांची झुंबड.)

आता परत आजच्या दिवसात येऊ.

दुपारपासून टिळकवाडीत काँग्रेस कार्यकारिणीची बैठक झाली, शंभर वर्षांपूर्वीच्याच जागेची आठवण म्हणून. देशभरचे नेते आलेले. उद्या, २७ तारखेला, जाहीर सभा ठरलेली. मैदानावर मंडप उभा, खुर्च्या मांडलेल्या. खेड्यापाड्यांतून गाड्या कशा आणायच्या, त्याचं नियोजन झालेलं. मिठाईवाल्यांनी कुंदा जादा आटवून ठेवला होता, आणि बेळगावचा कुंदा आटवायचा म्हणजे तासन्‌तास दूध ढवळत बसायचं काम.

रात्री दहाच्या सुमारास फोन वाजू लागले. दिल्लीच्या एम्समधून बातमी आली. नऊ वाजून एक्कावन्न मिनिटांनी मनमोहन सिंग गेले. वय ब्याण्णव.

पक्षाचे बडे नेते त्याच रात्री बेळगावहून विमानानं दिल्लीला गेले. दुसऱ्या दिवशीची सभा रद्द. राज्यात सात दिवसांचा दुखवटा, शुक्रवारी शाळा-कचेऱ्यांना सुट्टी. ज्या तारखेसाठी शहरानं एवढी तयारी केली होती, त्याच तारखेनं रात्री आपल्या तिसऱ्या रकान्यात एक नाव वाढवलं. त्याच रकान्यात कर्नाटकाचे माजी मुख्यमंत्री बंगारप्पा होते, २०११ चे. मुलीनं सकाळी त्यांचं नाव लिहिलं होतं, नि त्याच्याखाली दोन बोटं जागा रिकामी राहिली होती.

(दृश्य: शनिवार, २८ डिसेंबर. सकाळची शाळा. व्हरांड्यात तोच फळा.)

शुक्रवारी शाळाच नव्हती, त्यामुळे फळ्यावर अजून गुरुवारच आहे. वरची पोरं क्रिकेट खेळून गेली असावीत, चेंडूचा एक गोल डाग रेडियमवर उमटलाय.

मुलगी आली. दप्तर खाली ठेवलं. फळ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग खडूचा तुकडा घेऊन बंगारप्पांच्या खालच्या त्या दोन बोटांच्या जागेत तिनं लिहिलं, "२०२४ : डॉ. मनमोहन सिंग." नंतर लक्षात आलं, तारीख तर बदललीय. मागे वळून तिनं गुरुजींना विचारलं, "गुरुजी, हे आता पुसायचं काय?"

"पूस की. पुढच्या वर्षी लिहू."

तिनं फडकं भिजवलं, पिळलं, आणि वरपासून खालपर्यंत फळा पुसून काढला. गांधी गेले, आमटे गेले, रेडियम गेलं. ओला फळा काळाभोर झाला. वाळेपर्यंत ती वही उघडून उभी राहिली, आणि मग पहिली ओळ लिहायला घेतली.

"२८ डिसेंबर १८८५ : मुंबई येथे काँग्रेसची स्थापना."